पूर घरात येत नाही, तरी पावसाळ्याआधी घरात काय काय भरून ठेवायचं?

जिना_नंबर_दोन:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत राहते, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे पंचगंगा आमच्या दारात यायची तर आधी अर्धं कोल्हापूर जायला लागेल, त्यामुळं आजवर आमची पावसाळ्याची तयारी म्हणजे छत्र्यांच्या काड्या बसवून आणणं आणि गच्चीच्या पाइपात अडकलेला पाला काढणं, संपलं. २०१९ च्या पुरात मी माहेरी अडकले होते, त्यामुळं इकडचं फोनवरच कळत होतं. २०२१ च्या पुरात मात्र घरीच होते, आणि घरात पाण्याचा थेंब आला नाही तो दोन्ही अर्थानं, कारण नळालाच पाणी नाही. सहा दिवस. बाहेर पाऊस कोसळतोय, निम्मं गाव पाण्यात आणि मी कळशी घेऊन टँकरच्या मागं पळतेय. दुधाची पिशवी नाही, पेट्रोलला ही रांग, भाजी कुठनं येणार, हायवेच बंद.

तर यंदा मृगाच्या आधी नीट तयारी करायची ठरवलीय. मोबाईलवर चारपाच व्हिडिओ बघितले, त्यात कुऱ्हाड, तंबू, चकमक, डब्यातलं पंचवीस वर्षं टिकणारं जेवण असलं काय काय दाखवतात. नवरा म्हणाला तंबू टाकणार कुठं, सासने ग्राउंडवर का. घरात आम्ही पाच जण, दोन मुलं आणि सासूबाई, त्यांना इन्सुलिन चालू आहे. बजेट पाच हजार, फार तर सहा. हत्यारं काय घ्यावीत, सामान काय भरावं, ज्यांनी प्रत्यक्ष भोगलंय त्यांनी सांगा. यादीच द्या म्हणजे रविवारी जाऊन एकदम आणते.

नाद_खुळा_९:
ताई यादी सोपी आहे. एक पोतं भडंग, एक पोतं शेंगा, पाच किलो खर्डा, गुळाची ढेप. पूर ओसरला तरी तुम्ही बाहेर येणार न्हाई.

कुंभारगल्लीवाला:
यादीच्या आधी एक सांगतो, मग यादी बघू. आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीत, तळमजला. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. २००५ नंतर वडलांनी शहाणपणा करून एक पत्र्याची ट्रंक तयार केलेली, त्यात टॉर्च, सेल, दोर, मेणबत्त्या, घराची कागदं, पासबुकं, सगळं अगदी व्यवस्थित. ट्रंक कॉटखाली. चौदा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. २०१९ ला रात्री पाणी चढलं तेव्हा आम्ही फ्रिज उचल, टीव्ही उचल, गाद्या माळ्यावर टाक ह्यात होतो, आणि घरातली पहिली वस्तू कुठली भिजली असेल तर ती ट्रंक. सकाळी उघडली तर आत सेल फुटून टॉर्चमध्ये हिरवी पावडर झालेली, तीपण जुनीच, म्हणजे पाणी आलं नसतं तरी टॉर्च लागणार नव्हता. कागदं एकमेकाला चिकटून पुठ्ठा झालेला.

तेव्हा काय घ्यायचं हे नंतर. आधी कुठं ठेवायचं, कोण बघणार आणि नदी किती फुटावर गेली की काय करायचं, हे ठरवा. आमच्या घरात आता हे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाण्याची पातळी मोजतात त्या आकड्यावर ठरलेलं आहे. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे सगळ्यांना पाठ आहे, पण ३९ ची वाट बघत बसलो की उशीर होतो. आम्ही ३५ ला गाड्या वर टेंबलाई टेकडीच्या बाजूला पावण्यांच्याकडं लावून येतो. ३९ ला फ्रिज, मशीन, मिक्सर, पुस्तकं माळ्यावर. सखल भागातल्या सुतारवाड्यातली माणसं चित्रदुर्ग मठात हलवायला लागले की आम्ही आईला बहिणीकडं पाठवतो. ४३ च्या आत आम्ही कुलूप लावून बाहेर. २०१९ आणि २०२१ ला ५५ च्या वर गेलेलं पाणी, तिथं तुमची कुऱ्हाड काय करणार.

आणि राधानगरी धरणाकडं लक्ष ठेवायचं. स्वयंचलित दरवाजे आहेत सात, तलाव भरला की आपोआप उघडतात, एकातनं १,४२८ क्युसेक. दरवाजा उघडला अशी बातमी आली की लोक लगेच घाटावर फोटो काढायला पळतात. पाणी इथं पोचायला तास जातात, ते तास सामान हलवायचे आहेत.

जिना_नंबर_दोन:
ट्रंकेचं वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. पण दादा आमच्याकडं पाणी येतच नाही ना, मग फुटांचा हिशोब मला कशाला?

कुंभारगल्लीवाला:
तुम्हालाच जास्त. आमच्या घरात पाणी येतं म्हणून आम्ही बाहेर पडतो, पावण्यात जातो, कॅम्पात जातो, तिथं जेवण, पाणी, डॉक्टर सगळं मिळतं. तुम्ही घरातच अडकता आणि तुमच्याकडं कुणी येत नाही, कारण तुम्ही पूरग्रस्त न्हाई. वर आमच्यासारखे चार पावणे तुमच्याकडं राहायला येतात. पाच माणसांचा हिशोब करू नका, नऊ धरा.

जिना_नंबर_दोन:
अरे देवा. हे खरंय. २०२१ ला नणंद, तिचा नवरा आणि मांजर आलेलं.

पुण्यात_पडलेला:
मी बाहेरून बोलतोय पण आईवडील नागाळा पार्कात आहेत म्हणून हा धागा रोज उघडणार. शहराचं पाणी बंद का होतं ते मला २०१९ ला कळलं. उपसा केंद्रं नदीकाठालाच, बालिंगा, शिंगणापूर, तिथल्या मोटारी आणि पॅनेल पाण्यात गेले की झालं. पाणी उतरल्यावर सुद्धा मोटारी काढायच्या, वाळवायच्या, परत बसवायच्या. म्हणजे रस्ते मोकळे झाले, लोक कामाला लागले तरी नळ कोरडाच. म्हणून पाण्याचा साठा पुराच्या दिवसांइतका नाही, त्याच्यापुढं आणखी चार दिवस धरून करावा असं माझं मत.

हिशोब सोपा आहे. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला ४ लिटर पकडा. नऊ माणसं म्हणजे ३६, सहा दिवसांचे दोनशेच्या पुढं. हे फक्त पोटात जाणारं पाणी, संडासचं वेगळं. २०० लिटरचा झाकणाचा निळा बॅरल घ्या, पण घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा, केमिकलचा असला तर कितीही धुवा, प्यायला चालत नाही. आणि भरल्यावर तो दोनशे किलोचा होतो हे विसरू नका, गॅलरीच्या कडेला ठेवू नका, आत भिंतीला लागून ठेवा.

वाडीची_लेक:
पाऊस कोसळत असताना टँकरमागं पळालात म्हणता, गच्चीच्या पाइपाखाली बॅरल का नाही लावला बाई? आमच्या नृसिंहवाडीत पूर म्हणजे दरवर्षीचा पावणा. पहिल्या पावसात गच्ची स्वच्छ धुवून निघते, त्याच्यानंतर जे पाणी पाइपातनं पडतं ते संडासला, धुण्याला, भांडी विसळायला एक नंबर. मग नळाचं भरलेलं पाणी फक्त पिण्याला राहतं. एवढं साधं असताना शहरातली माणसं पावसात भिजत टँकरच्या रांगेत उभी, हे टीव्हीवर बघून आमच्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

आमच्याकडं पाण्याचं वागणं वेगळं. तुमच्याकडं चढतं आणि उतरतं, आमच्याकडं कृष्णा आणि पंचगंगा दोघी एकमेकींना अडवून धरतात, त्यामुळं येतं सावकाश आणि जातं त्याहून सावकाश. दक्षिणद्वार झालं, म्हंजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की बाहेरनं लोक स्नानाला येतात आणि आम्ही इकडं डबे माळ्यावर चढवायला घेतो. देवाची उत्सवमूर्ती सुद्धा वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, मग माणसानं हटून खाली बसायचं काय कारण. पूर्वी घराघरात माळा असायचाच, आणि माळ्यावर एक चूल, थोडी वाळलेली लाकडं, मडक्यात तांदूळ, चटणी, मीठ हे कायम. कुणी त्याला तयारी म्हणायचं नाही, माळा म्हंजे तसाच.

खाण्याचं सांगते. न शिजवता खाता येईल असं निम्मं ठेवा. चिरमुरे, फुटाणे, शेंगा, गूळ, शेंगदाण्याची चटणी, तीळ लावून कडक भाजलेल्या भाकरी, त्या आठ दिवस टिकतात. दुधाची पावडर छोट्या पाकिटात घ्या, मोठा डबा एकदा उघडला की दमट हवेत गोळा होतो. आणि कांदा लसूण चटणी उन्हाळ्यात केलेली असेलच, ती बरणी माळ्यावर न्यायला विसरलात तर नऊ माणसं मिळून तुम्हाला खातील.

नाद_खुळा_९:
म्हंजे माझीच यादी झाली की. शेंगा, गूळ, चिरमुरे. माझ्यावर हसलात आणि आता काकूंनी सांगितलं की पटलं.

वाडीची_लेक:
तुझ्या यादीत पाणी नव्हतं बाळा. पोतंभर भडंग खाल्ल्यावर काय पिणार होतास?

वायरमन_दादा:
लाईटचं कुणी बोललं न्हाई म्हणून लिहितोय. वीस वर्षं हेच काम करतोय आणि पुरानंतर पंधरा दिवस जेवायला सवड नसते एवढी बोर्डं उघडतो.

सगळ्यात मोठी चूक अशी की लोक मेन स्विच बंद करतात आणि निर्धास्त होतात. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावर तो लगेच चालू होतो की राव! म्हंजे खालच्या प्लगात परत करंट. आधी इन्व्हर्टर बंद, त्याचं बटण दाबून धरून, मग मेन, आणि हे घरात पाणी यायच्या आधी. फरशीवर पाणी आलं असंल तर पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा न्हाई, बाहेरनं डीपी बंद करायला सांगा. बॅटरी ट्रॉलीसकट वर उचलून ठेवा, ती पन्नास-साठ किलोची असते, म्हणून ऐन वेळी नाही, आधीच.

अपार्टमेंटवाल्यांनी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायची. खाली राहिली आणि खड्ड्यात पाणी भरलं की तिचा खर्च वर्गणीला परवडत न्हाई. मीटर तळमजल्यावर पार्किंगमध्ये असतात, त्यामुळं तुम्ही चौथ्या मजल्यावर असला तरी तुमची लाईट खालच्या पाण्यावर अवलंबून.

१५० एएचची बॅटरी असली की लोकांना वाटतं आठ दिवस निघतील. पंखा आणि चार बल्ब लावून बसलात तर एक रात्र निघते. पंखा बंद, दोन एलईडी, तेपण फक्त रात्रीचे चारपाच तास आणि बाकी वेळ इन्व्हर्टरच बंद, असं केलं तर मग चारपाच दिवस जातात. डिस्टिल वॉटर आत्ताच बघून घ्या.

पूर गेल्यावर घाई करू नका. बोर्ड वरनं वाळलेला दिसतो, आत पाइपात पाणी असतं. वायरमन आल्याशिवाय मेन वर करायचा न्हाई, मग तो मीच पाहिजे असं काय न्हाई.

जिना_नंबर_दोन:
इन्व्हर्टरचं मला माहीतच नव्हतं. दादा, टॉर्च कुठला घ्यावा? आणि पॉवर बँक? नवरा म्हणतोय २०,००० ची घेऊ, फोनची बॅटरी ५,००० आहे म्हणजे चारदा चार्ज.

वायरमन_दादा:
चारदा होत न्हाई, अडीच, फार तर तीनदा. तो आकडा आतल्या सेलचा असतो, बाहेर ५ व्होल्ट करून देताना आणि वायरीत जातंच काहीतरी. दोन फोन असतील तर एक बंद करून ठेवा. घरात बटणांचा जुना फोन पडलेला असंल तर त्यात सिम टाकून चालू आहे का बघा, एका चार्जिंगला आठवडा जातो.

टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातात टॉर्च धरून सिलिंडर उचलता येत न्हाई. आणि सेल टॉर्चच्या बाहेर ठेवा, पाकिटातच, नाहीतर वरच्या ट्रंकेसारखी गत.

चिखलीचा_पोरगा:
सिलिंडरचा विषय निघालाच हाय तर सांगतो, मी प्रयाग चिखलीचा. लोकांस्नी वाटतं भरल्याला सिलिंडर जड, त्यो कुठं जातोय. त्यो बी तरंगतोय. गॅस १४.२ किलो, लोखंड पंधरा-सोळा किलो, समदं मिळून तीस. आणि आकार बघा, आत तेहतीस लिटर पाणी बसंल एवढा. तीस किलोची वस्तू तेहतीस लिटरचं पाणी बाजूला सारती म्हंजे वर येणारच की. रिकामा तर चेंडूगत पळतोय. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरानं आवळून बांधा. रेग्युलेटर तसाच ठिवला आणि सिलिंडर उलटा झाला की नळी तुटली म्हणून समजा.

आमच्यात हत्यारं म्हंजे विळा, कोयता, पहार, खोरं, ही घरात असत्यातच, घ्यायचा प्रश्न न्हाई. पण विळा गोठ्यात टांगल्याला पायजे, घरात न्हाई. २०१९ ला रातीत पाणी चढाय लागलं तवा दाव्याची गाठ भिजून अशी आवळली हुती की सुटंना, अंधारात म्हस पाण्यात हुबी. शेवटी शेजारच्यानं कोयत्यानं दावं तोडलं. तवापासनं गोठ्याच्या खांबाला हातभर उंचीवर खिळा आणि खिळ्याला विळा, त्यो तिथनं कुणी काढायचा न्हाई, वैरण कापायला दुसरा. जनावरं आधी उंचावरच्या सोनतळीला, मग म्हातारी माणसं, मग आपण. वैरण पण तिकडंच आधी टाकून ठेवायची, आठवड्याची तरी.

आणि बोट येणार म्हणून बसू नका. गुऱ्हाळाची काहील असती की, गूळ आटवायची, तिच्यातनं आमच्याकडनं माणसं काढल्यात. पण काहील वल्हवायला येणारा माणूस लागतोय, हौसेचं काम न्हाई, गरगर फिरती ती. ट्रॅक्टरची ट्यूब हवा भरून ठेवा, दोराला बांधून. त्याच २०१९ ला तिकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि किती माणसं गेली, बोटीत गर्दी झाली हुती, अंगावर जॅकेट न्हाईत. बोट आली तरी ट्यूब काखेत घिऊनच चढायचं, कोण हसलं तर हसूद्या.

नाद_खुळा_९:
ताई यादीत एक काहील लिहा. राजारामपुरी दुसरा मजला, होम डिलिव्हरी.

जिना_नंबर_दोन:
लिफ्टमधनं येईल का विचारून सांगते!

चिखलीच्या भावा, विळा गोठ्यात टांगायचं वाचून घरात शोध घेतला. खंडेनवमीला आम्ही पक्कड, पाना, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर सगळं पाटावर मांडून हळदीकुंकू वाहतो, फुलं वाहतो. आज शोधलं तर पक्कड मुलाच्या सायकलच्या पिशवीत, टेस्टर फ्रिजवर, हातोडी शेजारच्या काकांकडं, ती दिवाळीपासनं, आणि पाना सापडलाच नाही. आता नवीन हत्यार काही घेणार नाही, आहेत तीच एका कापडी पिशवीत घालून दाराच्या मागं टांगलीत. एक नायलॉनचा दोर घेतला लक्ष्मीपुरीतनं, वीस मीटर, आणि गच्चीचा पाइप तुंबला तर खुपसायला एक लांब सळई भंगारवाल्याकडनं.

सासूबाईंच्या इन्सुलिनचं कुणी सांगेल का? लाईट गेली तर फ्रिज बंद, मग?

औषधाची_चिठ्ठी:
मी फार्मसिस्ट आहे, दुकानात बसतो म्हणून सांगतो, बाकी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. वापरायला काढलेलं पेन किंवा बाटली बहुतेक वेळा २५ ते ३० डिग्रीच्या खाली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, नेमके दिवस खोक्यातल्या बारीक अक्षराच्या कागदावर असतात, तो कागद फेकू नका. पावसाळ्यात आपल्याकडं तसंही थंड असतं, माठाशेजारी ओल्या फडक्यात डबी ठेवली तरी भागतं. लोक घाबरून करतात ती चूक म्हणजे बर्फात थेट घालून ठेवणं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं चांगलं, पण ते टाकूनच द्यायचं. न उघडलेली पेनं फ्रिजमध्येच राहू द्या आणि लाईट गेल्यावर फ्रिज सारखा उघडू नका.

बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्सच्या गोळ्या एक महिन्याच्या पुढंमागं घरात असू देत, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये. २०२१ ला लोक माझ्याकडं रिकामी स्ट्रिप पण न आणता यायचे, ती पांढरी छोटी गोळी द्या म्हणायचे. पांढऱ्या छोट्या गोळ्या दुकानात दोनशे आहेत.

पाण्याबद्दल. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी काचेसारखं दिसतं, पण जंतू तसेच. तुरटीनंतर उकळायचंच, चांगल्या उकळ्या फुटल्यावर एक मिनिट. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरिनचे थेंब किंवा गोळ्या, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबून मग प्यायचं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम घालायचं, अर्धं अर्धं करून नाही. सॅनिटरी पॅड, बाळ असेल तर डायपर, हे पुरुषांच्या यादीत कधीच नसतं, म्हणून मी लिहितो.

पुराच्या पाण्यातनं चालून आलात आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर अंगावर काढू नका, लेप्टोस्पायरोसिसचा ताप (लेप्टो) असू शकतो. त्याच्यावरची प्रतिबंधक गोळी असते पण ती डॉक्टरनं सांगितल्यावर, शेजारणीनं सांगितल्यावर नाही. गमबूट घ्या, तीनशे-चारशेला मिळतात.

चिखलीचा_पोरगा:
सापाचं बी सांगा की. पाणी आलं की समदी गवतातली मंडळी घरात, झाडावर, लाकडाच्या ढिगात.

औषधाची_चिठ्ठी:
बरोबर. चावला तर करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला सैलसर बांधायचा, अंगठी, जोडवी, पैंजण काढायचे, आणि थेट कोल्हापूरचं सीपीआर सरकारी हॉस्पिटल नाहीतर जवळचं सरकारी ग्रामीण रुग्णालय. विषावरचं इंजेक्शन तिथं असतं. साप मारून बरोबर आणायची गरज नाही, मागं एकानं पिशवीत घालून आणलेला आणि तो जिवंत निघाला. १०८ आणि ११२ हे दोन नंबर, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७, घरातल्या बटणाच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

पुण्यात_पडलेला:
कागदपत्रांचं राहिलं. मी आईवडिलांचं सगळं स्कॅन करून ठेवलंय, आधार वगैरे डिजिलॉकरला, पण प्रॉपर्टी कार्ड, विम्याची पॉलिसी ही मूळ कागदं झिपच्या पिशवीत घालून वरच्या कपाटात. आणि एक करा, आज फोन घेऊन सगळ्या घराचा सलग व्हिडिओ काढा, फ्रिज, मशीन, टीव्हीचे मागचे नंबर दिसतील असा. पंचनाम्याला आणि विम्याला तोच कामाला येतो.

गाडीचं माझ्या मित्राच्या अनुभवावरून. पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर चालू होते का बघायला त्यानं एकदा चावी फिरवली. एकदाच. इंजिनात पाणी शिरलेलं, पिस्टनला ते दाबता येईना, रॉड वाकला. विमा कंपनीनं पाण्यात बुडाल्याचं दिलं, इंजिनचं नाही, कारण त्याची वेगळी पुरवणी त्यानं घेतलेली नव्हती. चालू करून बघू नका, ओढत न्या.

पेट्रोल बाटल्यांतनं घरात साठवू नका बाबांनो, २०१९ ला आमच्या बिल्डिंगमध्ये एकानं जिन्याखाली दोन कॅन ठेवलेले आणि शेजारी मेणबत्ती. जुलै लागला की टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच. आणि सुट्ट्या नोटा. नेटवर्क गेलं की स्कॅनर निव्वळ चित्र असतो.

कुंभारगल्लीवाला:
आता पाणी गेल्यावरचं सांगतो, कारण हे किटमध्ये कुणीच धरत नाही आणि आमची खरी लढाई तीच. नदीचा गाळ काय असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही. ओला असतो तोवर लोण्यासारखा, वायपरनं ढकलला की जातो. एकदा वाळला की सिमेंट, मग छिन्नी घ्या. म्हणून पाणी उतरायला लागलं की त्याच पाण्यात खराट्यानं गाळ हलवत हलवत बाहेर ढकलायचा, पाण्यासोबतच तो घालवायचा. खोरं, पत्र्याचा सुपडा, दोन खराटे, एक लांब दांड्याचा वायपर, रबरी हातमोजे, ब्लिचिंग पावडर, हे सामान माळ्यावर पाहिजे. पूर ओसरल्यावर बाजारात जाल तर ह्यातलं एक पण मिळत नाही, आणि मिळालं तर एका दुकानदारानं आम्हाला साधा खराटा ज्या भावाला दिला तो आकडा सांगत नाही, अजून राग येतो.

ब्लिचिंग आणि संडासचं ॲसिड एकत्र करू नका. माझ्या भावानं केलं, लवकर निघावं म्हणून. बाथरूममधनं जो वास सुटला, तो खोकत खोकत रस्त्यावर येऊन बसला, क्लोरिनचा गॅस होतो तो.

आणि तळमजलावाल्यांनो, पाणी दारातनं यायच्या आधी संडासातनं येतं. जयंती नाला उलटा फुगला की गटारातनं मागं. दार अडवून बसलेलो आम्ही वाळूची पोती रचून, आणि मागं न्हाणीतनं बुडबुडे. आता दोन वाळूची छोटी पोती कमोडसाठी आणि एक न्हाणीच्या जाळीसाठी वेगळी ठेवतो, आधी प्लास्टिक, मग पोतं, मग वर दगड. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती उपसून, घासून, ब्लिचिंग मारून मगच वापरायची, वरवर स्वच्छ दिसली तरी.

वाडीची_लेक:
आणि माणसं लक्षात ठेवा. तुमच्या जिन्यात तळमजल्यावर एकटं म्हातारं कोण आहे, कुणाला चालता येत नाही, त्यांची औषधं कुठं असतात, हे आत्ता विचारून या. पावसात जाऊन विचारलं तर लाजून सांगत नाहीत.

जिना_नंबर_दोन:
काकू, कालच खाली जाऊन आले. तळमजल्यावरच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या माझं सगळं तयार आहे, आणि कॉटखालनं ट्रंक ओढून दाखवली. कॉटखालनं! राजारामपुरीत पाणी येत नाही हे खरं, पण मी कुंभार गल्लीची गोष्ट सांगून ती वर कपाटावर चढवून आले. आत स्टोव्ह, पिना, काडेपेट्या मेणकापडात गुंडाळलेल्या आणि १९८९ च्या पुरातल्या कुणाकुणाच्या आठवणी, तासभर बसवून ठेवलं.

खर्चाचा हिशोब देते. बॅरल, दोर, डोक्याचा टॉर्च दोन, सेल, गमबुटाचे दोन जोड, ओआरएस, क्लोरिनचे थेंब, दूध पावडर, पॉवर बँक, खराटे (हो, दोन, दीरांच्या घरासाठी, ते रमणमळ्यात असतात, तिथं पाणी येतं), एकूण पाच हजार आठशे. तंबू घेतला नाही. चिरमुरे, शेंगा, गूळ घरात असतातच, फक्त डबा मोठा केला. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, ३५ फूट झाले की दीरांना फोन, ३९ ला बॅरल, टाकी, मशीनचा ड्रम, सगळी पातेली फुल आणि गाडीची टाकी फुल, ४३ ला गाद्या काढून ठेवायच्या पावण्यांसाठी.

नाद_खुळा_९:
आणि मांजरासाठी?

जिना_नंबर_दोन:
मांजराला वाळलेली सुकट, बरणीत, वेगळी. ते पण फ्रिजवर लिहिलंय.

आज पहिला मोठा पाऊस झाला, नदी अजून पात्रातच आहे. बॅरल मंगळवारी पहिल्यांदा भरला, झाकण लावलं, वर तारीख लिहिली आणि घरात सगळ्यांना सांगितलं की आठ दिवसांनी पाणी बदलायचंय, शिळं ठेवायचं नाही. सकाळी उठून बघते तर सासूबाईंनी तो अर्धा रिकामा करून गॅलरी धुतलेली, जिना धुतलेला, वरनं तुळशीला घातलेलं. म्हणाल्या तूच म्हणालीस ना बदलायचंय. मग काय बोलणार. पाइपाखाली बादली लावून आलेय, आत्ता दुसरी भरत आलीय.